वापरलेली रेंज रोव्हर आणि ब्रिटनमधील वाहनकर : एक ऐतिहासिक अभ्यास (१९७०–२०२४)

प्रस्तावना

मोटारींचा इतिहास लिहिताना अभ्यासकांचे लक्ष सामान्यतः कारखान्याकडे असते. नवे वाहन केव्हा बाजारात आले, त्याचे अभियंते कोण होते, कंपनीची मालकी कोणाकडून कोणाकडे गेली, या प्रश्नांची चर्चा विस्ताराने होते. परंतु मोटारीच्या आयुष्यातील पहिली तीन-चार वर्षेच पहिल्या मालकाकडे जातात. पुढील दहा, पंधरा किंवा वीस वर्षे ती दुसऱ्या, तिसऱ्या आणि चौथ्या मालकाच्या दारी उभी असते. हा दीर्घ कालखंड इतिहासलेखनात क्वचितच येतो.

मोठ्या इंजिनाच्या आलिशान वाहनांच्या बाबतीत हा कालखंड विशेष अभ्यसनीय आहे. दारी हत्ती झुलणे ही मराठीत वैभवाची खूण मानली जाते. पण हत्ती स्वस्तात मिळाला म्हणून त्याचा चारा स्वस्त होत नाही. नव्या मोटारीच्या किमतीच्या दहाव्या हिश्शात मिळालेली जुनी आलिशान मोटार तेवढेच इंधन पिते, तिचे सुटे भाग नव्या मोटारीच्याच भावाने मिळतात आणि तिच्यावरील करही वयाबरोबर आपोआप उतरत नाही.

प्रस्तुत लेखात ब्रिटनमधील रेंज रोव्हर हे उदाहरण घेऊन वापरलेल्या आलिशान एसयूव्हीच्या दैनंदिन वापराचा १९७० ते २०२४ या काळातील मागोवा घेतला आहे. जुन्या आलिशान वाहनाची उतरलेली किंमत ही बव्हंशी पुढील मालकाने उचलावयाच्या भावी खर्चाची आगाऊ वजावट असते. आणि या खर्चातील शासकीय हिस्सा इंजिनाच्या आकारापेक्षा शासनाने वेळोवेळी आखलेल्या नोंदणीच्या तारखांनी अधिक ठरत आला आहे, असे या लेखाचे प्रतिपादन आहे.

१. सपाट कराचा काळ आणि मोठे इंजिन

ब्रिटनमध्ये १९२१ पासून खाजगी मोटारींवर अश्वशक्तीनुसार वार्षिक कर आकारला जाई. प्रत्येक अश्वशक्तीमागे एक पौंड असा प्रारंभीचा दर होता. ही अश्वशक्ती प्रत्यक्ष मोजलेली नसे. सिलिंडरच्या व्यासाचा इंचांतील वर्ग करून त्याला सिलिंडरांच्या संख्येने गुणावयाचे आणि अडीचने भागावयाचे, असे तिचे सूत्र होते. पिस्टन किती लांब धावतो याचा या सूत्रात विचार नसल्याने ब्रिटिश कारखान्यांनी अरुंद व्यासाची, लांब धावेची इंजिने बनविली. करपद्धती यंत्राचा आकार कसा घडविते याचे हे ठळक उदाहरण होय.

१९४८ च्या आरंभापासून ही पद्धत बंद होऊन सर्व खाजगी मोटारींना वार्षिक दहा पौंड असा सपाट कर लागू झाला. दर पुढे वाढत गेला, पण सपाटपणाचे तत्त्व सुमारे अर्धशतक टिकले. रोव्हर कंपनीने १९६५ मध्ये अमेरिकेतील जनरल मोटर्सकडून ब्युइक विभागाच्या आठ सिलिंडरी, अ‍ॅल्युमिनियमच्या इंजिनाचे हक्क घेतले, ते या पार्श्वभूमीवर. हे इंजिन ३५२८ सीसी क्षमतेचे असून त्याच्या सिलिंडरचा व्यास साडेतीन इंच होता. जुन्या सूत्राने त्याची करपात्र अश्वशक्ती ३९ च्या वर भरली असती. म्हणजे १९२१ च्या दराने दहा अश्वशक्तीच्या लहान मोटारीच्या जवळजवळ चौपट कर द्यावा लागला असता. सपाट करामुळे ८४८ सीसीची मिनी आणि ३५२८ सीसीचे वाहन यांचा वार्षिक कर सारखाच झाला. मोठे इंजिन वापरणाऱ्याला अधिक खर्च येई तो पेट्रोलच्या पंपावर आणि गॅरेजमध्ये. कर कार्यालयात नव्हे.

१७ जून १९७० रोजी रेंज रोव्हर बाजारात आली. चार्ल्स स्पेन्सर किंग आणि गॉर्डन बॅशफोर्ड हे तिचे प्रमुख अभियंते. किंमत १,९९८ पौंड होती. शिडीसारखी पोलादी चौकट, पाट्यांऐवजी लांब हालचालीच्या गुंडाळी स्प्रिंगा, चारही चाकांना कायम मिळणारी शक्ती आणि चारही चाकांना डिस्क ब्रेक अशी तिची रचना होती. आतील बैठका व्हिनाइलच्या होत्या आणि तळ पाण्याने धुऊन काढता येई. शेतावर, घोड्यांच्या गाडीमागे आणि हमरस्त्यावर सारखेच चालावे असे हे वाहन होते. आज तिच्या नावाशी जोडलेली आलिशानता मूळ कल्पनेत फारशी नव्हती.

२. उपयुक्त वाहनाचे आलिशान वाहनात रूपांतर

ऑक्टोबर १९७३ मधील अरब-इस्रायल युद्धानंतर तेलाच्या किमती झपाट्याने वाढल्या. ब्रिटनमध्ये पेट्रोलची शिधापत्रके छापून वाटली गेली, मात्र ती प्रत्यक्ष वापरण्याची वेळ आली नाही. डिसेंबर १९७३ मध्ये ताशी ५० मैलांची वेगमर्यादा लागू झाली. एका गॅलनला जेमतेम पंधरा मैल जाणाऱ्या, म्हणजे लिटरला सुमारे सव्वापाच किलोमीटर देणाऱ्या वाहनाला हा काळ प्रतिकूल असावयास हवा होता. तथापि नव्या रेंज रोव्हरची मागणी टिकून राहिली, कारण ती घेणारा वर्ग इंधनाच्या खर्चाने डगमगणारा नव्हता. महाग इंधनाची खरी झळ या वाहनाच्या पुढील मालकांना बसावयाची होती.

१९८१ मध्ये चार दारांची रेंज रोव्हर आली आणि १९८२ मध्ये स्वयंचलित गिअरबॉक्स मिळू लागला. १९८५ मध्ये कार्ब्युरेटरऐवजी इंधन फवारणीची यंत्रणा, १९८६ मध्ये इटालियन बनावटीचे डिझेल इंजिन, १९८७ मध्ये अमेरिकेच्या बाजारात प्रवेश आणि १९९२ मध्ये ४.२ लिटर इंजिनाच्या लांब आवृत्तीत हवेच्या फुग्यांचे सस्पेन्शन, असा क्रम लागतो. व्हिनाइलची जागा चामड्याने घेतली. १९९४ मध्ये ‘पी-३८ए’ या संकेतनामाने ओळखली जाणारी दुसरी पिढी आली, तिच्यात ४.० आणि ४.६ लिटरची पेट्रोल इंजिने होती. त्याच वर्षी कंपनी जर्मनीच्या बीएमडब्ल्यूकडे गेली आणि २००० मध्ये लँड रोव्हर विभाग अमेरिकेच्या फोर्डने घेतला. २००२ मध्ये विक्रीस आलेली तिसरी पिढी, ‘एल-३२२’, बीएमडब्ल्यूच्या अमदानीत घडली आणि फोर्डच्या अमदानीत विकली गेली. तिचे ४.४ लिटरचे इंजिन प्रथम बीएमडब्ल्यूचे होते; पुढे त्याची जागा जॅग्वारच्या इंजिनाने घेतली. एकाच नावाच्या वाहनात तीन कंपन्यांची यंत्रे असल्याने जुने वाहन घेणाऱ्याला सुटे भाग मागताना निर्मितीचे वर्ष सांगणे भाग पडले.

वाहनाच्या या परिवर्तनाने स्वतः किंग समाधानी नव्हते. खडतर मार्गांसाठी कल्पिलेले वाहन शहरातील प्रतिष्ठेचे साधन झाल्याबद्दल त्यांनी २००४ मध्ये उघड नापसंती व्यक्त केली होती. २०१० मध्ये त्यांचे निधन झाले.

३. घसारा आणि अज्ञाताची किंमत

रेंज रोव्हर बाजारात आली त्याच वर्षी, १९७० मध्ये, अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अ‍ॅकरलॉफ यांचा वापरलेल्या मोटारींच्या बाजारासंबंधीचा प्रसिद्ध शोधनिबंध प्रकाशित झाला. अमेरिकन बोलीत नादुरुस्त निघालेल्या मोटारीला ‘लिंबू’ म्हणतात. विक्रेत्याला मोटारीचे दोष ठाऊक असतात, खरेदीदाराला नसतात. त्यामुळे खरेदीदार प्रत्येक मोटार सदोष असू शकते असे धरून कमी भाव देतो. त्या भावात चांगल्या मोटारीचा मालक विकावयास तयार होत नाही आणि बाजारात सदोष मोटारींचे प्रमाण वाढते, असा त्यांच्या विवेचनाचा गाभा आहे. या कार्यासाठी त्यांना २००१ मध्ये नोबेल पारितोषिकाचा मान अन्य दोघांसमवेत मिळाला.

आलिशान वाहनाच्या बाबतीत हा युक्तिवाद अधिक तीव्र होतो. साध्या मोटारीतील लपलेला दोष काही शे पौंडांत दुरुस्त होतो; मोठ्या इंजिनाच्या, हवेच्या सस्पेन्शनच्या आणि अनेक संगणकीय नियंत्रकांच्या वाहनातील दोष वाहनाच्या खरेदीकिमतीएवढा खर्च मागू शकतो. दोष असण्याची शक्यता दोहोंकडे सारखी धरली, तरी त्याचा परिणाम सारखा नसतो. म्हणून अशा वाहनांचा घसारा साध्या मोटारींपेक्षा वेगाने होतो.

ही अनिश्चितता कमी करण्याचे काही मार्ग ब्रिटिश बाजाराने व शासनाने निर्माण केले. शिक्क्यांनिशी भरलेली देखभालीची वही असल्यास वाहनाला अधिक भाव मिळू लागला. तीन वर्षांहून जुन्या मोटारींना १९६७ पासून सक्तीची झालेली वार्षिक ‘एमओटी’ चाचणी हा दुसरा आधार. ही नोंद २००५-०६ च्या सुमारास संगणकावर आली आणि पुढे केवळ नोंदणी क्रमांकावरून कोणालाही मागील चाचण्यांतील त्रुटी पाहणे शक्य झाले. मात्र चाचणी वाहन रस्त्यावर चालण्यास सुरक्षित आहे काय एवढेच सांगते. सिलिंडरमधील अस्तर सैल झाले आहे काय, हे सांगत नाही.

नव्या आलिशान मोटारीची पहिली मालक पुष्कळदा एखादी कंपनी असे. एप्रिल २००२ पासून कंपनीने कर्मचाऱ्याला दिलेल्या मोटारीवरील कर तिच्या कार्बन डायॉक्साइडच्या उत्सर्जनाशी जोडला गेला. परिणामी नवे वाहन घेणारे डिझेलकडे वळले आणि मोठ्या पेट्रोल इंजिनांची वाहने वापरलेल्या बाजारात आणखी स्वस्त झाली. पहिल्या मालकाने टाळलेला खर्च अशा रीतीने पुढील मालकापुढे ‘संधी’ म्हणून उभा राहिला.

४. दैनंदिन वापराचा हिशेब

अशा वाहनाचा रोजच्या येण्याजाण्यासाठी वापर करावयाचा म्हटल्यास सर्वांत मोठा नियमित खर्च इंधनाचा. उदाहरणादाखल वर्षाला १०,००० मैलांचा वापर गृहीत धरता येईल. गॅलनला १५ मैल या हिशेबाने सुमारे ३,०३० लिटर पेट्रोल लागते; गॅलनला ४० मैल जाणाऱ्या लहान मोटारीला सुमारे १,१४० लिटर पुरते. नोव्हेंबर २००७ च्या सुमारास ब्रिटनमध्ये पेट्रोलने लिटरला एक पौंडाची पातळी ओलांडली. त्या दराने दोहोंच्या वार्षिक खर्चातील फरक जवळजवळ १,९०० पौंड येतो. वीस-बावीस वर्षांच्या वाहनाची किंमत अनेकदा याहून कमी असे. खरेदीच्या वेळी वाचलेले पैसे एकदाच वाचतात, इंधनाचे मात्र दरवर्षी जातात, हे यावरून स्पष्ट होईल.

इंधनाच्या दरवाढीत शासनाचा वाटा मोठा होता. १९९३ पासून इंधन शुल्क दरवर्षी महागाईपेक्षा अधिक वेगाने वाढविण्याचे धोरण हुजूर पक्षाच्या शासनाने स्वीकारले. १९९७ मध्ये मजूर पक्षाच्या शासनाने वाढीचा वेग महागाईपेक्षा सहा टक्के अधिक केला. नोव्हेंबर १९९९ मध्ये ही आपोआप होणारी वाढ थांबविण्यात आली. तरीही सप्टेंबर २००० मध्ये मालवाहतूकदार आणि शेतकरी यांनी तेलाच्या आगारांची नाकेबंदी केली आणि देशभर पंप कोरडे पडले.

या परिस्थितीतून एक मार्ग निघाला तो एलपीजीचा. या वायूवर शुल्क अत्यल्प असल्याने त्याचा भाव पेट्रोलच्या साधारण निम्मा असे. रोव्हरचे आठ सिलिंडरी इंजिन या बदलास अनुकूल होते. वायूमुळे इंधनाचा वापर आकारमानाने सुमारे वीस टक्के वाढतो, असे धरल्यास वरील उदाहरणात ३,६४० लिटर वायू लागेल आणि त्याचा खर्च सुमारे १,८२० पौंड येईल. म्हणजे वर्षाला बाराशे पौंडांची बचत. टाकी व जोडणीचा खर्च यातून काही वर्षांत भरून निघे. १९९६ मध्ये सुरू झालेल्या ‘पॉवरशिफ्ट’ योजनेतून स्वच्छ इंधनाच्या वाहनांना अनुदानही मिळाले. तथापि हा हिशेब वर्षाकाठी पुष्कळ मैल चालणाऱ्यालाच लाभदायक होता. जो मालक वर्षातून तीन-चार हजार मैलच वाहन चालवी, त्याच्या दृष्टीने गॅसची टाकी म्हणजे आधीच्या खर्चात भर. शिवाय टाकीमुळे अतिरिक्त चाकाची किंवा सामानाची जागा जाई.

५. दुरुस्तीच्या ज्ञानाचे स्थलांतर

इंधनानंतरचा मोठा खर्च दुरुस्तीचा. पहिल्या पिढीच्या रेंज रोव्हरचे बाह्य पत्रे बहुतांशी अ‍ॅल्युमिनियमचे होते; बॉनेट, मागील दार आणि आतील सांगाडा मात्र पोलादी होता. ब्रिटनमधील दमट हवा आणि हिवाळ्यात रस्त्यांवर टाकले जाणारे मीठ यांमुळे आतील पोलाद गंजे, आणि बाहेरून मात्र वाहन ठाकठीक दिसे. खरेदीदार फसे तो येथे. परंतु हा दोष डोळ्यांनी शोधता येई आणि वेल्डिंगने दूरही करता येई. इंजिनाची रचना साधी असल्याने गावातील मेकॅनिक आणि स्वतः मालकही पुष्कळ कामे करू शके.

दुसऱ्या पिढीत हे चित्र पालटले. ४.० आणि ४.६ लिटरच्या इंजिनांत अ‍ॅल्युमिनियमच्या ठोकळ्यातील पोलादी अस्तर सैल होणे, ठोकळ्याला तडा जाणे आणि परिणामी शीतजल कमी होत जाणे, हे दोष कुख्यात झाले. हवेच्या सस्पेन्शनमधील रबरी फुगे काही वर्षांनी झिजून गळू लागत आणि रात्रभर उभे असलेले वाहन सकाळी खाली बसलेले दिसे. दारे, दिवे, कुलपे आणि इशारे यांचे नियंत्रण एका संगणकीय पेटीकडे होते. तिच्यात बिघाड झाल्यास वाहन सुरूच होत नसे. अनेक मालकांनी फुगे काढून साध्या स्प्रिंगा बसविल्या. आलिशानतेचा मुख्य गुण काढून टाकून वाहन वापरण्याजोगे ठेवणे हा एक प्रकारे १९७० च्या मूळ रचनेकडे परतण्याचाच मार्ग होता.

तिसऱ्या पिढीत शिडीची चौकट जाऊन अखंड बांधणीचा सांगाडा आणि चारही चाकांना स्वतंत्र सस्पेन्शन आले. दोष शोधण्यास पाना आणि हातोडी पुरेनाशी झाली. योग्य संगणकीय उपकरण नसलेले गॅरेज निरुपयोगी ठरले. अधिकृत विक्रेत्याकडील मजुरीचा दर जुन्या वाहनाच्या मालकाला परवडणारा नसे. त्यामुळे अधिकृत विक्रेता आणि साधे गॅरेज यांच्या मधोमध केवळ याच वाहनांवर काम करणाऱ्या स्वतंत्र गॅरेजांचा, तसेच मोडीतून सुटे भाग काढून विकणाऱ्यांचा एक वर्ग वाढीस लागला. जुन्या आलिशान वाहनाचा दैनंदिन वापर अशा गॅरेजच्या सान्निध्यावर अवलंबून राहिला, ही बाब त्याच्या सामाजिक इतिहासात महत्त्वाची आहे.

६. नोंदणीची तारीख आणि कर

सपाट कराला पहिला तडा १९९९ मध्ये गेला. त्या वर्षी ११०० सीसीपर्यंतच्या मोटारींना कमी दर लागू झाला. मार्च २००१ पासून नव्याने नोंदल्या जाणाऱ्या मोटारींचा वार्षिक कर कार्बन डायॉक्साइडच्या प्रतिकिलोमीटर उत्सर्जनानुसार ठरू लागला. त्यापूर्वी नोंदलेल्या मोटारींसाठी इंजिनाच्या आकाराचे दोनच गट राहिले आणि १५४९ सीसीवरील सर्व मोटारी एका गटात पडल्या. म्हणजे २००० साली नोंदलेली ४.६ लिटरची रेंज रोव्हर आणि १.६ लिटरची कौटुंबिक मोटार यांना पुढेही समान कर राहिला.

२००६ च्या अर्थसंकल्पाने किलोमीटरला २२५ ग्रॅमहून अधिक उत्सर्जनाच्या मोटारींसाठी नवा सर्वोच्च गट निर्माण केला. तो २३ मार्च २००६ रोजी किंवा त्यानंतर नोंदलेल्या मोटारींपुरता होता. प्रारंभी जुन्या व नव्या गटांतील अंतर अल्प होते. २००८-०९ मध्ये मात्र या तारखेनंतरच्या मोटारीला ४०० पौंड आणि तिच्या आधीच्या मोटारीला २१० पौंड असा फरक पडला. एकाच कारखान्यातून, एकाच इंजिनासह, काही आठवड्यांच्या अंतराने नोंदलेल्या दोन वाहनांच्या करात जवळजवळ दुपटीचे अंतर निर्माण झाले.

मार्च २००८ च्या अर्थसंकल्पात अर्थमंत्री अ‍ॅलिस्टर डार्लिंग यांनी तेरा गटांची नवी रचना मांडली आणि २००१ ते २००६ दरम्यान नोंदलेल्या मोटारींचे संरक्षण काढून घेण्याचे सुचविले. यातून मोठा वाद उद्भवला. जेव्हा ही वाहने विकत घेतली गेली तेव्हा हा कर अस्तित्वात नव्हता, तेव्हा त्याच्या योगे कोणाचा खरेदीचा निर्णय बदलणार, असा आक्षेप होता. विरोधकांबरोबर सत्ताधारी मजूर पक्षाच्या खासदारांनीही तो घेतला. ही वाहने आता अल्प उत्पन्नाच्या कुटुंबांकडे आली असून ती विकू पाहिल्यास करवाढीमुळेच त्यांची किंमत पडलेली असेल, असे त्यांचे म्हणणे होते. या गटांत आलिशान एसयूव्हींबरोबर मोठ्या कुटुंबांच्या अनेक साध्या मोटारीही होत्या, हे येथे लक्षात घ्यावयास हवे. दुसऱ्या बाजूस, कराचा बोजा वापरलेल्या बाजारातील किमतीत उतरला तरच नवे वाहन घेणाऱ्याला भावी घसाऱ्याची धास्ती वाटेल आणि तो कमी उत्सर्जनाचे वाहन निवडेल, हा पर्यावरणवादी युक्तिवादही बिनतोड नसला तरी दुर्लक्षणीय नव्हता.

नोव्हेंबर २००८ मध्ये शासनाने माघार घेतली. वाढ सौम्य करण्यात आली आणि २३ मार्च २००६ पूर्वीच्या मोठ्या मोटारी ‘के’ गटातच ठेवण्यात आल्या. २०१०-११ मध्ये ‘के’ गटाचा कर २४५ पौंड, तर सर्वोच्च ‘एम’ गटाचा ४३५ पौंड होता. या निर्णयाचा परिणाम पुढे सेकंडहँड बाजारात दिसत राहिला; २००६ च्या आरंभी नोंदलेल्या मोठ्या इंजिनाच्या वाहनाची जाहिरात करताना ‘कमी कर’ हा गुण म्हणून सांगितला जाऊ लागला.

एप्रिल २०१७ पासून नव्या मोटारींची पद्धत पुन्हा बदलली. पहिल्या वर्षी उत्सर्जनानुसार मोठा कर आणि त्यानंतर पेट्रोल व डिझेलच्या सर्व मोटारींना सारखा दर, प्रारंभी १४० पौंड, असे तिचे स्वरूप होते. मूळ किंमत ४०,००० पौंडांहून अधिक असल्यास दुसऱ्या ते सहाव्या वर्षापर्यंत अधिभार द्यावा लागे. या नियमाने आलिशान वाहनाच्या अतिरिक्त कराचा भार प्रथमच मुख्यतः पहिल्या मालकांवर टाकला. सहा वर्षांनंतर ते वाहन घेणारा पुन्हा सपाट कर भरू लागला. याउलट १९७० च्या दशकातील रेंज रोव्हर करमुक्त झाल्या; कारण २०१४ पासून चाळीस वर्षांहून जुन्या मोटारींना करमाफी देणारी सरकती तरतूद पुन्हा सुरू झाली. मे २०१८ पासून अशा बहुतेक मोटारींना वार्षिक चाचणीतूनही सूट मिळाली.

या सर्व तारखा एकत्र पाहिल्यास एक विलक्षण चित्र दिसते. सर्वांत जुनी वाहने करमुक्त, २००१ पूर्वीची साधारण करात, २००६ पर्यंतची मध्यम करात, २००६ ते २०१७ मधील सर्वोच्च करात आणि त्यानंतरची सहा वर्षांनी पुन्हा साधारण करात. इंधनाचा खप जवळजवळ सारखाच असलेल्या वाहनांमध्ये हा भेद केवळ नोंदणीच्या दिनांकाने निर्माण झाला.

७. शहराच्या वेशीवर

दैनंदिन वापराचा आणखी एक निकष म्हणजे शहरात प्रवेश. लंडनच्या मध्यभागी १७ फेब्रुवारी २००३ पासून दिवसाला पाच पौंड गर्दीशुल्क सुरू झाले. प्रारंभी ठरावीक दर्जाच्या गॅसवाहनांना सूट होती, ती पुढे काढून घेण्यात आली. महापौर केन लिव्हिंगस्टन यांनी २००८ मध्ये २२५ ग्रॅमहून अधिक उत्सर्जनाच्या वाहनांना दिवसाला २५ पौंड आकारण्याची योजना जाहीर केली. मे २००८ मध्ये निवडून आलेले बोरिस जॉन्सन यांनी ती रद्द केली.

८ एप्रिल २०१९ रोजी अतिअल्प उत्सर्जन क्षेत्र अस्तित्वात आले आणि २९ ऑगस्ट २०२३ पासून ते लंडनच्या सर्व विभागांना लागू झाले. अट पूर्ण न करणाऱ्या मोटारीला दिवसाला साडेबारा पौंड पडू लागले. येथील कसोटी कार्बन डायॉक्साइडची नसून नायट्रोजनची ऑक्साइडे व सूक्ष्म कण यांची होती. पेट्रोलसाठी ‘युरो ४’ आणि डिझेलसाठी ‘युरो ६’ हा दर्जा आवश्यक ठरला. यामुळे साधारण २००६ नंतरचे मोठे पेट्रोल इंजिन शुल्कातून सुटले, तर २०१० च्या आसपासचे काटकसरी डिझेल वाहन अडकले. ज्यांनी २००१ नंतर शासनाच्याच करप्रोत्साहनाने डिझेल घेतले, त्यांच्या वाहनांचे पुढील मालक या नियमाने दंडित झाले. ऑगस्ट २०२३ मध्ये लंडनमधील सर्व रहिवाशांना जुनी मोटार मोडीत काढण्यासाठी २,००० पौंडांचे अनुदान खुले करण्यात आले, त्यामागे हीच जाणीव होती.

याच काळात जुन्या वाहनांपैकी काहींचे भाग्य उलट दिशेने फिरले. १९९० च्या दशकात शेकड्यांच्या भावात विकल्या गेलेल्या दोन दारांच्या पहिल्या रेंज रोव्हर संग्राहकांनी शोधून काढल्या. २०१७ मध्ये कंपनीनेच १९७८ ची पुनरुज्जीवित रेंज रोव्हर सुमारे १,३५,००० पौंडांना देऊ केली. गरजेपोटी वापरले जाणारे वाहन अशा रीतीने संग्रहवस्तू झाले आणि रोजच्या वापरातून बाहेर पडले.

८. महाराष्ट्राचा संदर्भ

टाटा मोटर्सने २००८ मध्ये २.३ अब्ज डॉलरना जॅग्वार लँड रोव्हर विकत घेतली. २०११ पासून पुण्यात फ्रीलँडर-२ ची जुळणी सुरू झाली आणि २०२४ मध्ये रेंज रोव्हर व रेंज रोव्हर स्पोर्ट यांची जुळणी पुण्यात करण्याचे जाहीर झाले. तोपर्यंत रेंज रोव्हरची बांधणी ब्रिटनमधील सोलिहल येथेच होत असे. ब्रिटनमधील जुनी, स्वस्त वाहने भारतात येण्यास मात्र आयातनियमांनी व मोठ्या जकातीने वाव ठेवलेला नाही. त्यामुळे येथील सेकंडहँड आलिशान वाहनांचा बाजार येथेच नव्याने विकल्या गेलेल्या वाहनांतून घडत आहे.

महाराष्ट्रात खाजगी मोटारीवरील कर नोंदणीच्या वेळी, किमतीच्या प्रमाणात, एकरकमी घेतला जातो. म्हणजे ब्रिटनने २०१७ मध्ये अंशतः स्वीकारलेले तत्त्व, आलिशानतेचा कर पहिल्या मालकाकडून घेण्याचे, येथे आधीपासून रूढ आहे. दुसऱ्या मालकाला वार्षिक कराची चिंता नसते, पण त्याच कारणाने उत्सर्जनाचा विचार त्याच्या खरेदीत कराच्या वाटेने येत नाही. पंधरा वर्षांनंतरची फेरनोंदणी व पर्यावरण कर या टप्प्यावरच शासन पुन्हा त्याच्यासमोर येते. पुण्यात जोडलेली वाहने काही वर्षांनी दुसऱ्या व तिसऱ्या मालकांकडे जातील, तेव्हा ब्रिटनमधील हा अनुभव येथील धोरणकर्त्यांना उपयुक्त ठरेल.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष निघतात.

१) वापरलेल्या आलिशान वाहनाची कमी किंमत ही बव्हंशी त्याच्या भावी इंधन, दुरुस्ती आणि कर यांची बाजाराने आधीच केलेली वजावट आहे. केवळ खरेदीकिमतीवरून ते स्वस्त ठरविणे योग्य नाही.

२) सपाट करामुळे मोठे इंजिन ब्रिटनमध्ये रुजले. १९९९ नंतर करपद्धती वारंवार बदलली आणि प्रत्येक बदलाने नोंदणीच्या तारखेची एक नवी रेषा ओढली. पुढील मालकाचा भार या रेषांनी ठरविला.

३) कार्बन डायॉक्साइडवर आधारित कर आणि शहरातील हवेवर आधारित शुल्क यांनी परस्परविरोधी इंजिनांना अनुकूलता दाखविली. दोन्ही नियमांचा फटका मुख्यतः त्यांना बसला, ज्यांनी ते वाहन नवे असताना निवडले नव्हते.

४) दुरुस्तीचे ज्ञान साध्या गॅरेजकडून संगणकीय उपकरणांकडे सरकल्याने वाहनाचे वापरयोग्य आयुष्य त्याच्या यांत्रिक आयुष्यापेक्षा कमी झाले.

पर्यावरणाचे रक्षण करणारा कर आवश्यक आहे याविषयी दुमत नसावे. प्रश्न आहे तो कोणत्या मालकाकडून आणि कोणत्या वेळी घ्यावा हा. निवड करण्याची खरी संधी नवे वाहन घेणाऱ्याला असते. जुने वाहन घेणारा आधीच रस्त्यावर असलेल्या वाहनांतूनच निवड करतो. २००८ चा वाद आणि २०१७ चा बदल यांमधून ब्रिटिश शासन या जाणिवेपर्यंत पोहोचले, तोपर्यंत मधल्या वर्षांतील वाहनांवर त्या जुन्या रेषा कायमच्या उमटल्या होत्या.